ऋणाचे भूत आणि खलाचे भूत : ‘लपाछपी’ ते ‘छोरी २’

मराठी लोककल्पनेतील भुतांची यादी बारकाईने पाहिली, तर ती अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची यादी आहे असे दिसते. मुंज झाली पण लग्न होण्यापूर्वी मरण आले तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ किंवा अळवंतीण. वैधव्यात गेली ती लावसट. वासना ठेवून गेलेला ब्राह्मण तो समंध. कोणाचा कोणता संस्कार राहिला, कोणाचे देणे फिटले नाही, याची नोंद समाजाने भुतांच्या नावांनी करून ठेवली आहे. या दृष्टीने भूत म्हणजे समाजाच्या वहीतील थकबाकी होय. नेहमी सांगितल्या जाणाऱ्या या यादीत एक जागा मात्र रिकामी आहे. मुलगी म्हणून जिला जन्मूच दिले नाही, किंवा जन्मताच मारले, तिच्या भुताला वेगळे नाव आढळत नाही. मुंज राहिलेल्या मुलाला पिंपळ मिळाला. या मुलीला झाडही मिळाले नाही.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) हा मराठी भयपट याच रिकाम्या जागी उभा आहे. त्याची हिंदी पुनर्निर्मिती ‘छोरी’ (२०२१) आणि तिचा उत्तरभाग ‘छोरी २’ (२०२५) या दोन्हींचे दिग्दर्शन फुरिया यांनीच केले. एकाच दिग्दर्शकाच्या हातून एकच आशयसूत्र तीन वेळा घडत असताना पहिल्या दोन कृतींत जे भय प्रेक्षकाला धरून ठेवते, ते तिसरीत का सुटते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ‘उत्तरभाग फसतातच’ हे उत्तर सोपे आहे, पण ते काहीच सांगत नाही. ‘छोरी २’ फसतो तो विशिष्ट जागी फसतो, आणि ती जागा भयकथेच्या रचनेविषयी बरेच काही शिकवणारी आहे. भयपट हा साहित्याच्या अभ्यासकाचा विषय आहे काय, अशी शंका अजूनही काही विभागांत घेतली जाते. माध्यमांतराचा अभ्यास पदव्युत्तर वर्गांत शिकवला जात असताना ती शंका टिकणारी नाही.

‘लपाछपी’चे कथानक थोडक्यात असे. आठ महिन्यांची गर्भवती नेहा (पूजा सावंत) आणि तिचा नवरा तुषार (विक्रम गायकवाड) कर्जाच्या तगाद्यापासून वाचण्यासाठी शहर सोडतात. गाडीचा चालक भाऊराव (अनिल गवस) त्यांना आपल्या गावाकडच्या घरी आणतो. घर उसाच्या मध्यात आहे. भाऊरावची बायको तुळसाबाई (उषा नाईक) नेहाची काळजी घेते. नेहाला उसात मुले दिसतात, लपाछपीचा खेळ ऐकू येतो, एका सुनेची सावली वावरते. ज्या घरात आसरा मिळाला तेच घर मुलींच्या हत्येचे घर आहे, आणि भुते नेहाच्या जिवावर उठलेली नसून झालेल्या अन्यायाची साक्ष देत आहेत, हे हळूहळू उलगडते. भीती जिची वाटत होती ती सून नव्हे. भीती वाटायला हवी होती ती जेवू घालणाऱ्या हातांची. चित्रपटाची सगळी ताकद या एका पालटात आहे.

हा पालट परिणामकारक ठरतो, कारण त्यासाठी वापरलेले साहित्य रोजचे आहे. गर्भवतीचे डोहाळे पुरवणे, तिने कुठे जाऊ नये ते सांगणे, तिच्या पोटाकडे पाहून बोलणे, ही मराठी घरातील मायेची भाषा आहे. तुळसाबाई हीच भाषा बोलते. उषा नाईक यांनी ती इतक्या सहजतेने बोलली आहे की, प्रेक्षकाला तिच्यात आपल्या घरातील एखादी वडीलधारी बाई दिसल्याशिवाय राहत नाही. भय निर्माण होते ते या ओळखीतून. काळजी आणि पाळत यांतील सीमारेषा किती पातळ आहे, हे चित्रपट कोणत्याही भाषणाशिवाय दाखवतो. शेवटाकडे तो थोडा बोलका होतो हे खरे. परंतु तोवर काम झालेले असते.

खानदेशच्या प्रेक्षकाला हा चित्रपट दोन कारणांनी जवळचा वाटावा. पहिले कारण ऊस. जळगाव-धुळ्याची ओळख कापूस आणि केळी यांची. रावेर-यावलच्या केळीबागांतही माणूस दोन पावलांवर दिसेनासा होतो. पण साक्री-शिरपूरकडील आणि चाळीसगाव भागातील मजूर कुटुंबांना ऊस ठाऊक आहे तो तोडणीचा. दक्षिण गुजरातेतील बारडोलीकडील साखर कारखान्यांच्या फडांत खानदेशातील मजूर जातात. नवरा-बायकोच्या जोडीची मोजणी ‘कोयता’ म्हणून होते. या माणसांसाठी उभा ऊस हा सुट्टीत पाहण्याचा देखावा नाही. त्यात पोर हरवते, साप निघतो, हाक पोहोचत नाही. ‘लपाछपी’तील उसाचा चक्रव्यूह भयाची कृत्रिम मांडणी वाटत नाही, याचे कारण त्यामागे असा अनुभव आहे. कॅमेरा उंचावर जातो तेव्हा घर बेटासारखे दिसते. जमिनीवर असतो तेव्हा चारी बाजूंनी एकच हिरवी भिंत दिसते. एवढ्या दोन दृष्टिकोनांवर चित्रपटाने आपला अवकाश उभा केला आहे.

दुसरे कारण अधिक कठोर आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. २००१ मध्ये हाच आकडा ८८० होता. २०११ चे राज्याचे प्रमाण ८९४ होते. म्हणजे दहा वर्षांत शाळा वाढल्या, रस्ते झाले, दवाखाने आले आणि मुली कमी झाल्या. जानेवारी २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ही योजना सुरू झाली तेव्हा देशातील पहिल्या शंभर जिल्ह्यांत जळगावचा समावेश करावा लागला. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून, आणि २००३ मध्ये त्याची व्याप्ती वाढवली गेली. कायद्याचा इतिहास इतका जुना असताना आकडा घसरत राहिला. या घसरणीचे वैशिष्ट्य असे की, तिला खलनायक नाही. सोनोग्राफीचे यंत्र आहे, डॉक्टर आहे, सासू आहे, नवरा आहे, कधी खुद्द गर्भवतीची मूक संमती आहे. प्रत्येकजण समजूतदार आहे, सुशिक्षितही आहे. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या पाठ असलेल्या जिल्ह्यात हे घडले. ‘लपाछपी’चे भय या खलनायकरहित अपराधाचे भय आहे.

‘छोरी’ने हे सूत्र हिंदी पट्ट्यात नेले. नेहाची साक्षी झाली (नुशरत भरुचा), तुळसाबाईची भन्नो देवी (मीता वशिष्ठ), भाऊरावचा कजला (राजेश जैस). मराठी घराची जवळीक पातळ झाली, बोलीचा रंग बदलला; पण रचना शाबूत राहिली. नायिकेला ‘साक्षी’ हे नाव देणे ही पुनर्निर्मितीतील एक चांगली भर म्हणावी लागेल, कारण भुते तिच्याकडून दुसरे काही मागत नाहीत; त्यांना साक्षीदार हवी आहे. एक फरक मात्र नोंदवला पाहिजे. ‘लपाछपी’ चित्रपटगृहात पाहिला गेला; ‘छोरी’ आणि ‘छोरी २’ थेट प्राइम व्हिडिओवर आले. अंधारात शेजारच्या खुर्चीतील सासू-सुनेसोबत पाहण्याचा चित्रपट आणि रात्री एकट्याने मोबाइलवर पाहण्याचा चित्रपट यांचा परिणाम एक नसतो. हा मुद्दा स्वतंत्र अभ्यासाचा आहे.

उत्तरभागाकडे वळण्यापूर्वी भयकथेतील भुतांचे दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. पहिले ऋणाचे भूत. त्याचे काहीतरी येणे आहे. ते चुकते झाले, सत्य उघड झाले, अस्थींना पाणी मिळाले की ते जाते. दुसरे खलाचे भूत. त्याचे कोणाकडे काही येणे नाही. त्याला हवे आहे. त्याची वासना भागत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा येऊ शकते. पहिल्या प्रकारच्या कथेला शेवट असतो. दुसऱ्या प्रकारच्या कथेला फक्त विश्रांती असते. उत्तरभाग स्वभावतः दुसऱ्या प्रकाराला मानवतो.

मराठीतील ठळक उदाहरण महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’चे (१९९३). १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाची कल्पना घेऊन केलेल्या या चित्रपटात तात्या विंचू हा गुंड मरता मरता मृत्युंजय मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो. दिलीप प्रभावळकरांचा तात्या आणि रामदास पाध्ये यांचा बाहुला यांनी हे पात्र मराठी घराघरांत नेले. तात्या हे निखळ खलाचे भूत. त्याला देह हवा आहे, एवढीच त्याची कथा. म्हणून वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, ‘झपाटलेला २’ निघाला तेव्हा तात्या परत येणे कथानकाच्या दृष्टीने खटकले नाही. तो उत्तरभाग उणा वाटतो तो निराळ्या कारणाने : २००४ मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे गेले होते. बाहुल्याला घाबरणारा तो चेहरा नसताना बाहुला त्रिमितीत कितीही पुढे आला, तरी भीती आणि हसू यांचा तोल साधत नाही. भय हे भिववणाऱ्यात जितके असते तितकेच भिणाऱ्यात असते, हे ‘झपाटलेला २’ने अनवधानाने सिद्ध केले.

साहित्यातही हाच न्याय दिसतो. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथेला मालिकेचे रूप दिले. पण ‘समर्थ’ कथांत पुन्हा पुन्हा येतात ते समर्थ. अनिष्ट शक्ती दर वेळी नवी असते. परतून येणारा तो तारणारा, पछाडणारा नव्हे, अशी योजना धारपांनी केली आणि त्यामुळे प्रत्येक कथेचे भय ताजे राहिले. रत्नाकर मतकरींची (१९३८–२०२०) गूढकथा तर उत्तरभागाची शक्यताच शिल्लक ठेवत नाही. तिचा शेवट हाच तिचा गाभा असतो. मराठी भयलेखनाच्या या दोन प्रमुख वाटा पाहिल्या म्हणजे ‘छोरी’सारख्या ऋणाच्या कथेला उत्तरभाग जोडणे किती अवघड काम होते, हे लक्षात येते.

अवघड, पण अशक्य नव्हे. उलट ‘छोरी २’ने निवडलेला प्रश्न अगदी योग्य होता, हे त्याच्या बाजूने स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पहिल्या कथेतील ऋण होते ते न जन्मलेल्या मुलीचे. साक्षी तेथून सुटली, तिने मुलीला जन्म दिला. उत्तरभागात ती मुलगी, ईशानी (हार्दिका शर्मा), सात वर्षांची आहे. जन्मू दिलेल्या मुलीचे पुढे काय होते? गर्भातून वाचलेली मुलगी बालविवाहातून वाचते काय? हा प्रश्न म्हणजे नवे ऋण आहे. ज्या प्रदेशात २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा असूनही परीक्षा झाली की मुलीच्या सोयरिकीची बोलणी सुरू होतात, तेथे तर हा प्रश्न घराच्या उंबरठ्यावरच उभा आहे. स्त्रीभ्रूणहत्येकडून बालविवाहाकडे जाणे ही विषयाची स्वाभाविक वाढ होती.

मग चित्रपट कोठे चुकतो? त्याने प्रश्न ऋणाचा घेतला आणि भूत मात्र खलाचे आणले. ईशानीचे अपहरण होते. तिला जमिनीखालच्या गुहांच्या जाळ्यात नेले जाते. तेथे ‘प्रधान’ नावाचे एक जराजर्जर अमानुष अस्तित्व आहे आणि त्याची सेवा करणारी दासी माँ (सोहा अली खान) आहे; मुलगी त्याला अर्पण करायची आहे. एवढे घडताच बालविवाह हा सामाजिक व्यवहार राहत नाही, तो एका राक्षसाची भूक होतो. वास्तवात सात, बारा किंवा पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न लावतात ते आईबाप, मामा, भाऊबंद. मंडप घालणारा, पंगतीला बसणारा आणि अक्षता टाकणारा गाव. ‘लपाछपी’च्या रीतीने पाहिले असते तर या पंगतीतच भय होते. हळद लावणाऱ्या हातांत ते होते. उत्तरभागाने तो मंडप गुहेत नेला आणि गावाला दोषातून मोकळे केले. राजबीर (सौरभ गोयल), म्हणजे पहिल्या कथेतील नवरा, परत येतो. परंतु आता तोही मोठ्या दुष्ट शक्तीचा हस्तक झाला आहे. पहिल्या भागात तो भयंकर होता कारण तो केवळ नवरा होता.

रसविचाराच्या परिभाषेत हे अधिक नेमके मांडता येते. ‘लपाछपी’चा स्थायी भाव भय, आणि त्याला आतून आधार शोकाचा. भुताची कथा कळत जाते तसतसे भयानकाच्या पोटातून करुण वर येतो. प्रेक्षक घाबरतो आणि त्याच वेळी त्याला भुताची कीव येते; हे मिश्रण मराठी पडद्यावर दुर्मीळ आहे. ‘छोरी २’त भयाची जागा जुगुप्सेने घेतली आहे. सडलेली त्वचा, ओल्या भिंती, सरपटणारे देह यांनी बीभत्स साधतो, पण बीभत्साला शोकाचा आधार मिळत नाही. किळस आलेला प्रेक्षक मान फिरवतो. कीव आलेला प्रेक्षक पाहत राहतो.

चित्रपटातील वाया गेलेल्या दोन प्रतिमांचा विचार केल्यास हे विधान स्पष्ट होईल. पहिली विहिरीची. खानदेशात आणि एकूणच महाराष्ट्रात विहीर हे साती आसरांचे स्थान. विहिरीत डोकावणाऱ्या पोराला आजी हटकते ती आसरांचे नाव घेऊन. बाळंतिणीने पाण्याला जाताना त्यांना ओटी वाहायची असते. शिवाय नकोशा मुली आणि सासरी गांजलेल्या सुना यांचा शेवट जेथे होतो तीही विहीरच. म्हणजे या एका जागेत दैवत, निषेध आणि गुन्हा असे तीन थर आहेत. ‘छोरी २’त जमिनीखाली जाणारी वाट आहे, पण ती केवळ वाट आहे, पाण्याची स्मृती तिला नाही. भूगर्भ कोणत्याही देशातला असू शकतो. उसाचा फड तसा नव्हता.

दुसरी प्रतिमा ईशानीच्या आजाराची. तिला ऊन सोसत नाही. उन्हात न जाऊ शकणारी मुलगी : केवढी शक्यता होती या कल्पनेत! मुलीला बाहेर न सोडण्यासाठी घरे जी कारणे सांगतात, ती सारी या एका आजारात गोळा करता आली असती. आई जपते म्हणून कोंडते, शत्रू गिळायचे म्हणून कोंडतो. दोन्ही कोंडण्यांत मुलीला फरक कळतो काय? पहिल्या चित्रपटाने तुळसाबाईच्या मायेबद्दल हाच प्रश्न विचारला होता. उत्तरभागात तो साक्षीच्या मायेबद्दल विचारणे धाडसाचे ठरले असते. चित्रपट मात्र आजाराचा उपयोग कथानकाची सोय म्हणून करतो आणि साक्षीला मुख्यतः हाका मारत धावणारी आई करून ठेवतो. तिला आधार देणारा पोलीस अधिकारी समर (गश्मीर महाजनी) हे पात्रही असेच सोयीचे आहे. ‘लपाछपी’त नेहाच्या मदतीला बाहेरचे कोणी येत नाही, भुते सोडली तर तिचे कोणी नाही. भयकथेत पोलीस आला की भीती निम्मी होते, आणि तो उपयोगी पडला नाही तर उरलेली चिडीत बदलते.

मुलीच्या मरणाची छाया कथनावर कशी राहावी, याचे उदाहरण खानदेशच्या वाचकाला दूर शोधावे लागत नाही. यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू येतो. तेथे भूत नाही, गूढ नाही, पार्श्वसंगीत तर नाहीच. पण त्या मृत्यूनंतर कादंबरीची भाषा पूर्वीसारखी हसत नाही. घरातल्या लहान मुलीचे नसणे हे निवेदकाला पछाडते, आणि त्याला कोणताही राक्षस जबाबदार नसल्यामुळे निवेदकाला रागवायलाही कोणी सापडत नाही. ‘लपाछपी’ हा लोकप्रिय साच्यातील चित्रपट आहे आणि ‘कोसला’शी त्याची तुलना मूल्याच्या दृष्टीने कोणी करणार नाही; परंतु भयाचे मूळ घरात ठेवण्याच्या बाबतीत तो त्या कादंबरीच्या अधिक जवळ आहे, स्वतःच्या उत्तरभागाच्या जवळ नाही.

राहिला दासी माँचा प्रश्न, आणि धुळे-जळगावच्या संदर्भात तो सर्वांत गंभीर आहे. तुळसाबाई आणि भन्नो देवी या क्रूर आहेत, पण त्या सासवा आहेत. त्यांचे सामर्थ्य घरातील स्थानातून येते, कोणत्याही विद्येतून नव्हे. दासी माँचे सामर्थ्य मात्र अतींद्रिय आहे. स्त्रीवर अन्याय का होतो, या प्रश्नाचे उत्तर येथे ‘एका विद्या जाणणाऱ्या बाईमुळे’ असे मिळू लागते. सातपुड्याच्या पायथ्याला हे उत्तर निरुपद्रवी नाही. शिरपूरपासून चोपडा-यावलपर्यंतच्या पट्ट्यात आणि शेजारच्या नंदुरबारात ‘डाकीण’ हा शब्द अजून शिवी म्हणून नव्हे, आरोप म्हणून उच्चारला जातो. पोर दगावले, जनावर मेले, आजार हटला नाही की भगत एखाद्या बाईकडे बोट दाखवतो; बहुधा ती विधवा असते, एकटी असते, कधी तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची गरज ज्या प्रथांमुळे भासली, त्यांत ही एक होती. ‘लपाछपी’ने या पारंपरिक आरोपाची दिशा उलटी फिरवली होती : जिला गाव भूत म्हणून घाबरते ती निरपराध, आणि जे घर तिच्यापासून रक्षण करण्याचा आव आणते ते अपराधी. हीच त्या चित्रपटाची सामाजिक कमाई होती. उत्तरभागाने बोट पुन्हा मूळ जागी आणून ठेवले आहे. ‘दासी’ या नावातच तिच्या गुलामीची खूण आहे, तिला कोणी दासी केले हा प्रश्न त्या नावात दडलेला आहे. ती दासी कशी झाली याचीच कथा चित्रपटाने मध्यभागी आणली असती, तर हडळीच्या आणि लावसटीच्या रांगेत एका नव्या ऋणाच्या भुताची भर पडली असती. पण चित्रपट प्रधानाकडे वळतो. प्रधानाला नष्ट करता येते. त्यासाठी कोणाला आपल्या घराकडे पाहावे लागत नाही.